दोघांचे पगार, एक रिटर्न : अमेरिकेतील अतिरिक्त मेडिकेअर कर आणि फॉर्म ८९५९

अमेरिकेत नवरा-बायको दोघेही नोकरी करत असले की जानेवारीच्या अखेरीस घरात दोन डब्ल्यू-२, म्हणजे वर्षभराचा पगार आणि त्यातून कापलेला कर दाखवणारे कंपन्यांचे कागद, येतात. दोन्हींवर कर व्यवस्थित कापलेला दिसतो, दोन्ही कंपन्यांच्या पेरोल विभागांनी आपापले काम चोख केलेले असते, आणि तरीही एप्रिलमध्ये रिटर्न भरायला बसल्यावर सॉफ्टवेअर काही शे डॉलरचे देणे दाखवते. त्या देण्याचे नाव ॲडिशनल मेडिकेअर टॅक्स, म्हणजे अतिरिक्त मेडिकेअर कर. आमच्या घरी हे पहिल्यांदा घडले तेव्हा जेवणाच्या टेबलावर दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवून मी तासभर चूक शोधत बसलो होतो. चूक कुठेच नव्हती. प्रत्येक कंपनीला फक्त तिने दिलेला पगार दिसतो, आणि हा कर मात्र एकत्र रिटर्न भरणाऱ्या दोघांच्या पगारांची बेरीज करून ठरतो. या दोन हिशेबांमधला फरक मिटवण्याचे काम फॉर्म ८९५९ करतो. तो कसा भरायचा आणि भरण्याआधी काय तपासायचे, हे पहिल्यांदाच या कराला सामोरे जाणाऱ्यांसाठी येथे लिहीत आहे.

आधी एक गैरसमज दूर केलेला बरा. कंपनीकडून मिळणाऱ्या आरोग्य विम्याशी या कराचा काही संबंध नाही. मेडिकेअर हा मुख्यतः ६५ वर्षांवरील लोकांसाठी असलेला सरकारी आरोग्य विमा आहे आणि त्यासाठी प्रत्येक पगारातून १.४५ टक्के रक्कम कापली जाते. तेवढीच रक्कम कंपनी स्वतःच्या खिशातून घालते. सोशल सिक्युरिटीच्या (सरकारी निवृत्तिवेतन योजनेच्या) ६.२ टक्क्यांना वार्षिक कमाल मर्यादा आहे, पण मेडिकेअरच्या १.४५ टक्क्यांना १९९४ पासून अशी कोणतीही वरची मर्यादा राहिलेली नाही. २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याने यावर आणखी ०.९ टक्क्याची भर घातली आणि १ जानेवारी २०१३ पासून ती लागू झाली. ही भर फक्त एका मर्यादेच्या वरच्या कमाईवर लागते आणि तिच्यात कंपनीचा वाटा नसतो. सगळा भार कर्मचाऱ्यावरच असतो.

ही मर्यादा रिटर्न कोणत्या प्रकारे भरता त्यावर ठरते. विवाहित जोडप्याने एकत्र रिटर्न भरले तर ती २,५०,००० डॉलर आहे, विवाहित असून वेगवेगळे रिटर्न भरले तर प्रत्येकी १,२५,००० डॉलर, आणि अविवाहित व्यक्ती, हेड ऑफ हाउसहोल्ड (अवलंबितांसह घर चालवणारी अविवाहित व्यक्ती) किंवा पात्र विधवा-विधुर यांच्यासाठी २,००,००० डॉलर. विवाहित की अविवाहित हे ३१ डिसेंबरच्या स्थितीवरून ठरते, त्यामुळे डिसेंबरात लग्न झालेले जोडपे त्या संपूर्ण वर्षासाठी विवाहित धरले जाते. हे आकडे महागाईनुसार वाढत नाहीत. २०१३ साली जे होते तेच आजही आहेत, आणि म्हणूनच त्या काळी ‘फार कमावणाऱ्यांचा’ वाटणारा हा कर आज न्यू जर्सीतल्या किंवा सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या दोन साध्या सॉफ्टवेअर पगारांपर्यंत येऊन पोहोचला आहे.

आता कंपनीचा नियम पाहू, कारण सगळा घोळ येथूनच सुरू होतो. कंपनीने एका कॅलेंडर वर्षात एखाद्या कर्मचाऱ्याला २,००,००० डॉलरपेक्षा जास्त पगार दिला, तर त्या वरच्या रकमेवर ०.९ टक्के कापणे तिला बंधनकारक आहे. कर्मचारी विवाहित आहे का, जोडीदार किती कमावतो, त्याने वर्षाच्या सुरुवातीला दुसरीकडे नोकरी केली होती का, हे कंपनी विचारात घेत नाही आणि घ्यायचेही नसते. त्यामुळे ज्याचा कर निघत नाही त्याच्याकडून तो कापला जातो आणि ज्याचा निघतो त्याच्याकडून कापला जात नाही, अशा दोन्ही गोष्टी घडतात. कपात ज्या पेचेकमध्ये २,००,००० ची रेषा ओलांडली जाते तेथून सुरू होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हातात येणारा पगार अचानक थोडा कमी झाला, तर पेरोलला तक्रार करण्याआधी हे कारण तपासावे.

पहिली पायरी : डब्ल्यू-२ वरचा योग्य रकाना वाचणे

बहुतेकांची पहिली चूक येथे होते, म्हणून येथे थोडे थांबतो. डब्ल्यू-२ वरचा रकाना १ हा प्राप्तिकरासाठीचा पगार दाखवतो, तर या करासाठी लागतो तो रकाना ५, म्हणजे मेडिकेअरसाठीचा पगार. दोन्ही आकडे क्वचितच सारखे असतात. २०२४ सालचे एक उदाहरण घेऊ. पगार आणि बोनस मिळून २,१५,००० डॉलर; त्यातून ४०१(के) या निवृत्ती बचत खात्यात करपूर्व २३,००० आणि कंपनीच्या आरोग्य विम्याच्या हप्त्यापोटी करपूर्व ४,००० डॉलर गेले. रकाना १ मध्ये १,८८,००० दिसेल. ते पाहून ‘आपण २ लाखांच्या आत आहोत’ असे समाधान मानले तर फसगत होईल, कारण ४०१(के) मधली रक्कम प्राप्तिकरातून वगळली जात असली तरी मेडिकेअर करातून वगळली जात नाही. विम्याचा हप्ता मात्र दोन्हींतून वगळला जातो. म्हणून रकाना ५ मध्ये २,११,००० येईल. रकाना ३ मध्ये त्या वर्षीची सोशल सिक्युरिटीची कमाल मर्यादा, म्हणजे १,६८,६००, दिसेल. त्याकडे या कामापुरते दुर्लक्ष करावे.

आता रकाना ६ पाहावा. २,११,००० चे १.४५ टक्के होतात ३,०५९.५० डॉलर. पण रकान्यात ३,१५८.५० दिसेल, कारण २ लाखांवरच्या ११,००० डॉलरवर ०.९ टक्क्याने ९९ डॉलर जास्तीचे कापले गेले आहेत. ही ९९ डॉलरची रक्कम डब्ल्यू-२ वर वेगळी कुठेही दाखवलेली नसते. साधा आणि अतिरिक्त असे दोन्ही कर रकाना ६ मध्ये एकत्र मिसळलेले असतात आणि ते वेगळे करणे हाच फॉर्म ८९५९ चा निम्मा व्याप आहे.

वेस्ट झालेले, म्हणजे प्रत्यक्ष आपल्या मालकीचे झालेले, आरएसयू (कंपनीने मोबदल्याचा भाग म्हणून दिलेले शेअर्स), जॉइनिंग बोनस, आणि ५०,००० डॉलरवरच्या सामूहिक आयुर्विम्याची करपात्र किंमत हेही रकाना ५ मध्ये धरलेले असते. कंपनीच्या कॅफेटेरिया प्लॅनमधून (करपूर्व पगारातून लाभ निवडण्याच्या योजनेतून) एचएसए या आरोग्य बचत खात्यात टाकलेले पैसे मात्र त्यातून वजा झालेले असतात.

दुसरी पायरी : फॉर्म भरावा लागतो का, हे ठरवणे

दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. आपल्या किंवा जोडीदाराच्या कोणत्याही एका डब्ल्यू-२ च्या रकाना ५ मध्ये २,००,००० पेक्षा मोठा आकडा आहे का? आणि दोघांचा मेडिकेअर पगार, अधिक स्वतंत्र व्यवसायाची कमाई, यांची बेरीज आपल्या मर्यादेपेक्षा जास्त होते का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल तर फॉर्म ८९५९ जोडावा लागतो. रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी वेगळा विभाग आहे, तो आपल्यापैकी बहुतेकांनी सोडून द्यावा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ असेल तर देणे काहीच निघत नाही, उलट कापलेले पैसे परत मिळवायचे असतात, आणि ते मिळवण्यासाठीही हाच फॉर्म लागतो.

व्हिसाचा मुद्दा येथेच सांगतो. एफ-१ व्हिसावरील विद्यार्थी, ओपीटीच्या (शिक्षणाशी संबंधित तात्पुरत्या कामाच्या परवानगीच्या) काळातही, कराच्या दृष्टीने अनिवासी असेपर्यंत, म्हणजे साधारणपणे पहिली ५ कॅलेंडर वर्षे, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर या दोन्ही करांतून मुक्त असतात, त्यामुळे त्यांना हा प्रश्नच येत नाही. एच-१बी आणि एल-१ या नोकरीच्या व्हिसांवर आलेल्यांना मात्र पहिल्या पगारापासून मेडिकेअर कर लागतो. भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा परस्पर करार अमलात नसल्यामुळे, ‘मी थोड्याच वर्षांसाठी आलो आहे’ या कारणाने त्यातून सुटका नाही. कराच्या दृष्टीने अनिवासी असलेल्या विवाहित व्यक्तीला सहसा एकत्र रिटर्न भरता येत नाही आणि मग तिच्यासाठी मर्यादा १,२५,००० वर येते. पहिल्या अर्धवट वर्षाचे रिटर्न भरणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

तिसरी पायरी : देणे किती, ते काढणे

फॉर्मच्या पहिल्या भागात ओळ १ वर दोघांच्या सर्व डब्ल्यू-२ मधल्या रकाना ५ ची बेरीज लिहायची. ओळ २ आणि ३ या कंपनीला न कळवलेल्या टिप्स आणि कर्मचारी असूनही कंत्राटदार म्हणून दाखवलेल्यांची मजुरी यांसाठी आहेत. बहुतेकांच्या बाबतीत त्या रिकाम्या राहतात. ओळ ४ वर बेरीज, ओळ ५ वर आपली मर्यादा, ओळ ६ वर वजाबाकी आणि ओळ ७ वर त्याचे ०.९ टक्के.

समजा, नवऱ्याचा मेडिकेअर पगार १,८०,००० आणि बायकोचा १,३०,००० आहे. दोघांपैकी कोणीही २ लाखांवर नाही, म्हणून कोणत्याही कंपनीने अतिरिक्त कर कापलेला नाही. बेरीज ३,१०,०००, मर्यादा २,५०,०००, वरचे ६०,०००, त्यावर ०.९ टक्के म्हणजे ५४० डॉलर. हे ५४० डॉलर रिटर्नबरोबर भरायचे. अविवाहित व्यक्तीने वर्षात नोकरी बदलली तरी हेच होते : पहिल्या कंपनीत १,४०,००० आणि दुसरीत १,१०,००० मिळाले, तर प्रत्येक कंपनी शून्यापासून मोजत असल्याने कपात होत नाही, पण एकूण २,५०,००० पैकी २,००,००० वरच्या ५०,००० डॉलरवर ४५० डॉलरचे देणे निघते.

‘मग वेगवेगळे रिटर्न भरू’ ही युक्ती चालत नाही. वरच्या जोडप्याने तसे केले तर नवऱ्याचे ५५,००० आणि बायकोचे ५,००० मर्यादेवर जातात आणि बेरीज पुन्हा ५४० डॉलरच येते. शिवाय वेगळ्या रिटर्नमुळे इतर सवलती गमवाव्या लागतात ते वेगळेच. एकट्याच्या पगारावर चालणाऱ्या घरात तर ही युक्ती सरळ अंगाशी येते. २,३०,००० डॉलर कमावणाऱ्याने एकत्र रिटर्न भरले तर देणे शून्य, आणि वेगळे भरले तर १,०५,००० डॉलरवर ९४५ डॉलर.

चौथी पायरी : स्वतंत्र व्यवसायाची कमाई असल्यास

घरातून सल्लागारीचे काम करणारे, १०९९ वर (कंत्राटदाराला मिळालेले पैसे दाखवणाऱ्या फॉर्मवर) कंत्राट घेणारे, किंवा अमेरिकेत राहून पुण्यातल्या एखाद्या कंपनीसाठी स्वतंत्रपणे काम करणारे, या सर्वांना दुसरा भाग भरावा लागतो. येथे निव्वळ नफा जसाच्या तसा धरत नाहीत. शेड्यूल एसई या स्वतंत्र व्यवसायाच्या कराच्या तक्त्यावर नफ्याचे ९२.३५ टक्के काढून जो आकडा येतो तो ओळ ८ वर येतो. त्यानंतर आपली मर्यादा घेऊन तिच्यातून पगाराची रक्कम वजा करायची आणि उरलेल्या मर्यादेच्या वर व्यवसायाची जेवढी कमाई जाते तेवढ्यावरच ०.९ टक्के लावायचे. थोडक्यात, मर्यादा आधी पगार वापरतो आणि राहिली तर व्यवसायाला मिळते.

नवऱ्याचा पगार २,२०,००० आणि बायकोच्या सल्लागारीचा निव्वळ नफा ६०,००० आहे असे धरू. ६०,००० चे ९२.३५ टक्के म्हणजे ५५,४१०. मर्यादेतून पगार वजा केल्यावर ३०,००० उरतात. ५५,४१० मधून ते वजा केले की राहिले २५,४१०, आणि त्यावर कर २२८.६९, म्हणजे २२९ डॉलर. नवऱ्याच्या कंपनीने २०,००० डॉलरवर १८० डॉलर आधीच कापलेले आहेत, त्यामुळे प्रत्यक्षात ४९ डॉलर भरावे लागतील.

व्यवसायात तोटा झाला असेल तर तो या फॉर्मवर पगारातून वजा करता येत नाही. आणखी असे की, स्वतंत्र व्यावसायिकांना नेहमीच्या सेल्फ-एम्प्लॉयमेंट कराच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते, ती या ०.९ टक्क्याला मिळत नाही.

पाचवी पायरी : कापलेल्या रकमेचे श्रेय घेणे

दोन्ही भागांची बेरीज ओळ १८ वर येते आणि तेथून ती फॉर्म १०४० च्या, म्हणजे मुख्य रिटर्नच्या, शेड्यूल २ मध्ये, २०२४ च्या फॉर्मनुसार ओळ ११ वर, जाते. घाईत असलेले लोक येथेच थांबतात आणि स्वतःचे नुकसान करून घेतात, कारण फॉर्मचा शेवटचा, म्हणजे पाचवा, भाग भरल्याशिवाय कंपनीने कापलेले पैसे हिशेबात येत नाहीत. ओळ १९ वर सर्व डब्ल्यू-२ मधल्या रकाना ६ ची बेरीज लिहावी. ओळ २० वर ओळ १ चा आकडा पुन्हा लिहून ओळ २१ वर त्याचे १.४५ टक्के काढावेत. ओळ १९ मधून ओळ २१ वजा केली की ओळ २२ वर जे उरते तोच कापलेला अतिरिक्त कर. तो ओळ २४ मार्गे फॉर्म १०४० च्या ओळ २५सी वर जातो आणि प्राप्तिकराच्या कपातीप्रमाणेच आपल्या खात्यात जमा धरला जातो.

वरच्या २,३०,००० डॉलरच्या उदाहरणात रकाना ६ मध्ये ३,६०५ असतील. १.४५ टक्क्याने ३,३३५ होतात. फरक २७० डॉलर. एकत्र रिटर्नमध्ये देणे शून्य असल्यामुळे हे २७० डॉलर पूर्णपणे परत मिळतात किंवा इतर करातून वळते होतात. नियमाप्रमाणे कापलेले हे पैसे पेरोलकडून परत मागून उपयोग नसतो, ते रिटर्नमधूनच मिळतात. ओळ २२ चे उत्तर उणे आले, किंवा कोणाचाही पगार २ लाखांवर नसताना ओळ २२ वर शंभर-दोनशे डॉलर दिसले, तर आकडा टाइप करताना चूक झाली आहे असे समजावे; बहुधा रकाना ५ च्या जागी रकाना १ किंवा ३ भरलेला असतो. ओळींचे क्रमांक एखाद्या वर्षी बदलू शकतात, म्हणून क्रमांकाबरोबर ओळीवरचे शब्दही वाचण्याची सवय ठेवावी.

सॉफ्टवेअर हे सर्व आपोआप करते, हे खरे. पण ते आपण भरलेल्या डब्ल्यू-२ वर विसंबून असते. रिटर्न पाठवण्याआधी तयार झालेला फॉर्म ८९५९ उघडून ओळ १, १९ आणि २२ हे तीन आकडे हाताने पडताळायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

पुढच्या वर्षाची तजवीज

पगारावर हा कर जास्त कापा असे कंपनीला सांगता येत नाही. सांगता येते ते एवढेच, की प्राप्तिकर थोडा जास्त कापा; त्यासाठी फॉर्म डब्ल्यू-४ मधील पायरी ४(सी) वर प्रत्येक पेचेकमागे किती रक्कम हवी ते लिहून द्यावे. ५४० डॉलरचे देणे अपेक्षित असेल आणि वर्षाचे १२ पेचेक उरले असतील, तर प्रत्येकी ४५ डॉलर. ही रक्कम डब्ल्यू-२ च्या रकाना २ मध्ये दिसेल, रकाना ६ मध्ये नाही. त्यामुळे पुढच्या वर्षी ती फॉर्म ८९५९ वर शोधू नये. ज्यांना पगार नाही, केवळ व्यवसायाची कमाई आहे, त्यांनी फॉर्म १०४०-ईएस वापरून एप्रिल, जून, सप्टेंबर आणि पुढच्या जानेवारीच्या १५ तारखेपर्यंत तिमाही हप्ते भरावेत.

दोन मार्गांत मला डब्ल्यू-४ चा मार्ग जास्त सोयीचा वाटतो. पगारातून कापलेला कर वर्षभर समान भरला असे सर्वसाधारणपणे मानले जाते, त्यामुळे नोव्हेंबरात जाग आली आणि शेवटच्या तीन-चार पेचेकमधून रक्कम कापून घेतली तरी चालते. तिमाही हप्ता उशिरा भरला तर मधल्या काळाचा दंड लागू शकतो. कमी कर भरल्याचा दंड मुळात केव्हा लागतो तेही माहीत असावे : एकूण बाकी १,००० डॉलरपेक्षा कमी असेल, किंवा चालू वर्षाच्या कराच्या ९० टक्के, अथवा गेल्या वर्षीच्या कराच्या १०० टक्के रक्कम वेळेत भरलेली असेल तर तो लागत नाही. मात्र गेल्या वर्षीचे समायोजित ढोबळ उत्पन्न १,५०,००० डॉलरपेक्षा जास्त असेल तर १०० ऐवजी ११० टक्के धरावे लागतात, आणि हा कर लागणारे बहुतेक लोक याच गटात मोडतात.

घरभाडे, भारतातल्या बँकेतील ठेवींचे व्याज, शेअर्सवरचा नफा यांचा फॉर्म ८९५९ शी संबंध नाही, कारण ती ना मजुरी आहे ना स्वतंत्र व्यवसायाची कमाई. पण त्यांच्यावर ३.८ टक्क्यांचा वेगळा कर लागू शकतो आणि त्यासाठी फॉर्म ८९६० आहे. विवाहित एकत्र रिटर्नसाठी त्याचीही मर्यादा २,५०,००० डॉलर असल्यामुळे दोन्ही फॉर्म एकाच वर्षी रिटर्नला जोडले जाताना दिसतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. तोच डॉलर दोन्ही करांत मोजला जात नाही.

एप्रिलच्या १५ तारखेपर्यंत रिटर्न तयार होत नसेल तर फॉर्म ४८६८ भरून १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळते, पण ती कागद पाठवण्याची मुदत आहे. पैसे एप्रिलमध्येच अंदाजाने भरावे लागतात. मागच्या एखाद्या वर्षी फॉर्म ८९५९ जोडायचा राहून गेला असेल, तर तो भरून फॉर्म १०४०-एक्स, म्हणजे दुरुस्त रिटर्न, याबरोबर पाठवावा. देणे राहिले असेल तर व्याज वाढण्याआधी ते भरून टाकलेले चांगले, आणि येणे असेल, जसे वरच्या उदाहरणातले २७० डॉलर, तर मूळ रिटर्न भरल्यापासून साधारणपणे ३ वर्षांच्या आत मागणी करावी लागते.